बांधावरचं चाक

हौसरावांचा उजवा गुडघा नवा होता, बाकीचा माणूस अडुसष्ट वर्षांचा जुना. नोव्हेंबरात पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं चाला, मोकळ्या हवेत राहा आणि मुख्य म्हणजे डोकं शांत ठेवा. पहिल्या दोन गोष्टी गावी, न्हावऱ्यात, घरबसल्या होत्या. तिसरी मात्र हौसरावांना आजवर जमलेली नव्हती. दोन वेळा सरपंच, नऊ वर्षं सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीतल्या निम्म्या भांडणांचे पंच आणि उरलेल्या निम्म्यांतले पक्षकार, असा त्यांचा एकूण संसार.

म्हणून त्यांच्या लेकीनं, सायलीनं, संक्रांत झाल्यावर पुण्याच्या ऑफिसातून दोन दिवस सुट्टी काढली आणि आप्पांना इको रिसॉर्टला न्यायचं ठरवलं. लांब नाही, मांडवगणच्या बाजूला, मातीची घरं, हुरडा, टीव्ही नाही. हौसराव म्हणाले की माती आणि हुरडा बघायला गाडी करून जायचं म्हणजे कहर झाला. पण पुतळाबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, त्यांचं काही चालू दिलं नाही. स्वतः त्या येणार नव्हत्या; गाय व्यायला झाली होती. त्यांनी दोन धोतरं, गोळ्यांचा डबा आणि कानटोपी पिशवीत भरली आणि डिकीत चाकाची खुर्ची ठेवायला लावली. ही खुर्ची दवाखान्यातून आल्यापासून हौसराव एकदाही तिच्यात बसले नव्हते. पुतळाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालायच्या.

गोळ्यांच्या गुंगीत हौसरावांचा डोळा लागला, तो गाडी थांबल्यावरच उघडला. समोर लिंबाचं झाड होतं. झाडाखाली लाकडी पाटीवर लिहिलं होतं, ‘पायवाट. इथून पुढं चालत.’ हौसरावांनी झाड पाहिलं, पाटी पाहिली, झाडाच्या पलीकडचा ऊस पाहिला आणि त्यांची गुंगी खाडकन उतरली. लिंब त्यांचा होता. ऊसही त्यांचाच, वाट्यानं दिलेला. आईकडून आलेल्या चार एकरांच्या बांधावर त्यांची लेक त्यांना विश्रांतीला घेऊन आली होती.

हा बांध म्हणजे हौसरावांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला दावा. ऊस संपला की मागं तीन एकर मुरमाड माळ लागतो. न्हावऱ्याच्याच बन्सीनं तो घेतला होता. बन्सी दौंडला रेल्वेत गँगमन होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चाकांसाठी रूळ ठोकून त्यानं निवृत्तीच्या पैशात ही जमीन केली आणि हौसरावांकडं वाट मागायला आला. हौसरावांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि सांगितलं, पायी जा, डोक्यावर हत्ती ने, माझी ना नाही. पण बांधावरून चाक जाता कामा नये. का, तर एकदा चाक गेलं की वहिवाट पडते, आणि वहिवाट पडली की बांध आपला राहत नाही. शेतकऱ्याला वाघाची भीती वाटत नाही इतकी या शब्दाची वाटते. शिवाय त्या साली ग्रामपंचायतीला बन्सीच्या आळीची मतं दुसऱ्या पॅनेलला गेली होती. हे दुसरं कारण हौसरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

बन्सी गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या लेकीनं, करुणानं, शिरूरला तहसीलदारांपुढं रस्त्यासाठी अर्ज केला होता आणि येत्या गुरुवारी त्याची तारीख होती. हौसरावांनी वकील दिला होता. करुणानं माळावर काही झोपड्या उभ्या केल्यात, पुण्याचे लोक येऊन राहतात, एवढं त्यांच्या कानावर होतं. बघायला ते कधी फिरकले नव्हते.

सायलीला यातलं काही ठाऊक नसावं; या रानाकडं ती कधी आलीच नव्हती. तिनं उत्साहानं डिकी उघडून खुर्ची बाहेर काढली. तेवढ्यात बांधावरून करुणा आली. पस्तिशीची, बारीक चणीची, रांजणगावच्या कंपनीत आठ वर्षं काढलेली बाई. तिनं हौसरावांना पाहिलं आणि अर्धा क्षण थांबली. मग हात जोडले.

“या आप्पा. ताई, खुर्ची मात्र इथंच ठेवावी लागेल. या बांधावरून चाक न्यायची जमीनमालकांची परवानगी नाही.”

“पेशंटच्या खुर्चीला पण नाही? कोण आहे असला माणूस?”

करुणा हौसरावांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाकडं बघत होती.

“हायेत एक,” ती म्हणाली. “मोठे माणूस हायेत.”

हौसरावांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. गाडीत बसून माघारी फिरता आलं असतं, पण मग करुणाला पाठ दाखवल्यासारखं झालं असतं, आणि पाठ दाखवणं त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा अवघड होतं. त्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, “चालतो की. त्याला काय झालंय.”

सामान न्यायला करुणाचा भाऊ नवनाथ एक गाढव घेऊन आला होता. त्यानं पिशव्या गाढवाच्या पाठीवर टाकल्या आणि सवयीनं हाक दिली, “चल रं चेअरमन.” गाढवानं कान हलवले आणि हौसरावांनी मान वळवली. करुणानं नवनाथकडं असं पाहिलं की त्यानं पुढचा सगळा रस्ता गाढवाला नुसतं टकटक करून हाकलं. मागून सायलीला हसू आवरत नव्हतं. नाव किती गोड ठेवलंय म्हणाली.

पाचशे पावलांची वाट, पण नव्या गुडघ्याला ती मैलभर झाली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला गवती चहाची रांग, पायाखाली चोपून बसवलेली मऊ माती. दीडशे पावलांवर चुना-सिमेंट न लावता रचलेली दगडांची बैठक आली, हौसराव बसले. आणखी दीडशेवर दुसरी, मग तिसरी. तिसऱ्या बैठकीवर टेकताना त्यांनी विचारलं, ही कुणासाठी. नवनाथ म्हणाला, आईसाठी केली होती, आता पाहुण्यांना उपयोगी पडते. बसल्यावर पाय नेमका टेकेल एवढीच दगडाची उंची होती. ज्यानं कुणी ती रचली त्यानं आधी माणसाचं दुखणं मोजलं होतं, हे हौसरावांच्या दुखऱ्या पायाला लगेच कळलं.

ऊस संपला आणि माळ लागला. हौसराव थांबले. या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही हे ते पन्नास वर्षं सांगत आले होते. आता तिथं मध्यभागी तळं होतं, तळ्यावर बगळे उतरले होते आणि काठाला मातीची सहा घरं अर्धगोलात बसली होती. वर उसाच्या पाचटाची जाड छपरं. शेवगा, सीताफळ, करंज, आणि ओळीनं कडुलिंब. कुठं इंजिनाचा आवाज नाही. इतकी शांतता हौसरावांनी आपल्या मुलखात कधी ऐकली नव्हती. न्हावऱ्यात दिवसरात्र ट्रॅक्टर आणि कुणाचा तरी डीजे.

दुपारी पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताकाचा तांब्या झाला, आणि हौसराव खोलीत बाजेवर आडवे झाले. भिंती सारवलेल्या, हवा माठातल्या पाण्यासारखी गार. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना गोळीवाचून झोप लागली. उठले तेव्हा उन्हं कलली होती आणि डोक्यात एकही भांडण नव्हतं. याचाच त्यांना राग आला. बन्सीच्या पोरीच्या माळावर आपल्याला अशी झोप लागावी, हे काही बरोबर नव्हतं.

मग ते काठी टेकत सगळं तपासायला निघाले. शेतकऱ्याची नजर, खोट सापडल्याशिवाय परत फिरणार नव्हते. भिंतीवर काठीनं ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. विटा कुठल्या भट्टीच्या, असं नवनाथला विचारलं.

“भट्टीच्या न्हाईत, आप्पा. ट्रॅक्टर येत न्हाई ना इथवर. म्हणून तळं खांदलं, आन् त्याच मातीच्या इथंच पाडल्या. बाराशे-तेराशे पाडल्या की दीदी म्हणायची, एक भिंत झाली.”

हौसराव पुढं गेले. छप्पर पाचटाचं का, तर पत्र्याची गाडी येत नाही. पाचट मात्र ऊसतोडीच्या वेळी डोक्यावर आणता येतं. पाणी वरच्या टाकीत कसं चढतं, तर विजेचा खांब आणायला गाडी लागते, म्हणून सौरऊर्जेचं तावदान आणलं. तेही बांधावरून, करुणा आणि नवनाथ दोघांनी, काच फुटू नये म्हणून मध्ये गोधडी धरून, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या चिखलात अनवाणी चालत. जिथं जिथं हौसरावांनी बोट ठेवलं तिथं तिथं एकच उत्तर निघालं. चाक येत नव्हतं म्हणून. नवनाथ हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, त्याला आपल्या बहिणीच्या डोक्याचं कौतुक होतं. आणि खरं सांगायचं तर आता हौसरावांनाही होतं. सोसायटीच्या नऊ वर्षांत त्यांनी एक गोदाम बांधलं होतं, ते तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागलं. या पोरीनं डोक्यावरनं माती वाहून गाव वसवलं होतं.

संध्याकाळी आगटी पेटली. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात करुणा ज्वारीची कणसं भाजत होती, नवनाथ ती चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या हातावर टाकत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दह्याची वाटी. हौसरावांनी आयुष्यभर हुरडा खाल्ला होता, पण असा वेळेवर काढलेला, दाणा दुधात असतानाच भाजलेला, क्वचित. त्यांनी मोकळ्या मनानं तसं सांगितलं. करुणा म्हणाली, कणीस कधी काढायचं ते आई ठरवते, दाणा दाताखाली धरून.

पुण्याहून आलेलं एक जोडपं शेजारी बसलं होतं. त्यातले गृहस्थ फार खूश होते. ते म्हणाले की या जागेची सगळी जादू त्या बांधावर आहे. गाडी आत आली असती तर हे इतर दहा रिसॉर्टसारखंच झालं असतं. ज्या कुणा जमीनमालकानं गाड्या अडवल्या, त्या दूरदृष्टीच्या माणसाचा खरं तर सत्कार करायला हवा. दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

क्षणभर हौसरावांची छाती फुगली. खोटं कशाला बोला, फुगलीच. सत्काराचा शब्द ऐकला की त्यांची मान आपोआप हारासाठी पुढं व्हायची. मग त्यांचं लक्ष करुणाकडं गेलं. ती मान खाली घालून कणीस फिरवत होती. आराच्या उजेडात तिचे हात दिसले. तळहाताला घट्टे, बोटांवर जुने ओरखडे, एक नख कायमचं काळं पडलेलं. ती एक शब्द बोलली असती, हेच ते मालक म्हणून बोट दाखवलं असतं, तर हौसरावांना भांडता आलं असतं आणि बरं वाटलं असतं. तिनं भाजलेलं कणीस नवनाथकडं दिलं आणि सांगितलं, “आप्पांना आधी दे, त्यांना गोळी घ्यायचीय.”

हौसरावांनी हातावरचा हुरडा तसाच वाटीत ठेवला. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण सवय नव्हती.

खोलीत गेल्यावर त्यांनी सायलीला धारेवर धरलं. पुणे जिल्ह्यात दुसरी जागा मिळाली नाही का, हा बांध कुणाचा, तो दावा कुणाचा, तुला काही कळतं का. सायली शांतपणे ऐकून घेत होती. दाव्याचं तिला खरंच माहीत नव्हतं. पण जागा तिनं निवडलीच नव्हती.

“आईनं सांगितलं, इथंच ने म्हणून. आणि खुर्ची डिकीत विसरू नको, असंही तीच म्हणाली.”

गाय व्यायला झाली आहे असं पुतळाबाई गेले तीन आठवडे म्हणत होत्या, हे हौसरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

सकाळी ते लवकर उठले. तळ्यावर धुकं होतं, बंबातून धूर निघत होता. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर भागुबाई बसली होती, बन्सीची बायको, करुणाची आई. हौसरावांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. पूर्वी त्यांच्या रानात खुरपायला यायची आणि ते तिला सरळ अगंतुगं करायचे. गावात तशीच रीत होती, आणि रीत म्हटलं की कुणी विचार करत नाही. आता ती मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. शेजारी भिंतीला वॉकर टेकवलेला.

तिनं त्यांना बघून जरा सरकून जागा केली. गुडघ्याची चौकशी केली. पुतळाबाईंची केली, बाजारला आल्या की त्या नवनाथच्या हाती आठवणीनं पानतंबाखू धाडतात, म्हणाली. हौसरावांना हेही नवीन होतं. मग त्यांनी तिच्या पायाचं विचारलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती तळ्याच्या काठी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका लिंबाखाली येऊन थांबली. चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून बांधावरून नेलं. ऑपरेशन झाल्यावर तशीच झोळीतून परत आणली. झोळी हलली की हाड हलायचं, म्हणून नवनाथ वाटभर मोठ्यानं पावलं मोजत होता, सगळ्यांचे पाय बरोबर पडावेत म्हणून. त्याला चौदा महिने झाले. त्यानंतर ती माळाबाहेर गेलेली नाही. वॉकरवर दहा पावलं होतात, पाचशे होत नाहीत. आणि पुन्हा झोळीत बसायचं नाही असं तिनं ठरवलंय, कारण झोळीत एकदा जातच असतं माणूस, त्याची सवय कशाला करायची.

हे सगळं तिनं तांदळातले खडे काढत सांगितलं. आवाजात राग नव्हता.

“करुणा म्हन्ती, रस्ता झाला की तुला फिरवून आनते,” ती म्हणाली. “मला कुठं जायाचंय, आप्पा? यष्टीचा हारन इथवर येतो. सकाळची कवा, दुपारची कवा, सगळं कळतं. नुसती एकदा दिसावी, येवढंच.”

हौसराव उठले. इतक्या झटक्यात उठले की नवा गुडघा कुरकुरला. त्यांनी सायलीला हाक मारली आणि डिकीतली खुर्ची घेऊन यायला सांगितलं.

सायली घडी केलेली खुर्ची गाढवाच्या पाठीवर घालून बांधाच्या माळाकडच्या तोंडाशी आली तर करुणा तिथं आडवी उभी. ओढणी कमरेला खोचलेली, पीठ लागलेले हात तसेच.

“आप्पा, चाक घालू नका,” ती म्हणाली. “गुरुवारी तारीख आहे. निकालाआधी करुणानं चाक फिरवलं असं उद्या तुमच्या वकिलानं म्हटलं, तर माझी तीन वर्षं पाण्यात जातील. मी एवढे दिवस विटेची गाडीसुद्धा आणली नाही ती याच्यासाठी.”

काल संध्याकाळी जे बोट तिनं दाखवलं नव्हतं, ते हौसरावांना आत्ता दिसलं.

“तू न्हाई फिरवत, पोरी. मी फिरवतोय. रान माझं, खुर्ची माझी. हो बाजूला.”

करुणा बाजूला झाली नाही. तिनं आईकडं पाहिलं. भागुबाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग करुणा एक पाऊल सरकली.

खुर्ची ओट्याशी आली. हौसरावांनी तिच्यावरची धूळ आपल्या उपरण्यानं झटकली आणि म्हणाले, “बसा, भागुबाई.”

‘बसा’ म्हणताना त्यांची जीभ किंचित अडखळली, पण शब्द नीट बाहेर आला. भागुबाईंनी त्यांच्याकडं एकदा रोखून बघितलं आणि बसल्या. नवनाथ ढकलायला पुढं झाला, तर हौसरावांनी त्याला हातानं थांबवलं. काठी सायलीकडं दिली आणि खुर्चीची मूठ स्वतः धरली. खरं तर ती मूठ त्यांनाही आधाराला लागतच होती. त्या बसलेल्या म्हणून खुर्चीला वजन, आणि खुर्चीला वजन म्हणून यांचा तोल. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या जोरावर बांधावरून निघाली. पहिल्या बैठकीवर हौसराव थांबून दम घ्यायला बसले, तेव्हा भागुबाई म्हणाल्या, ही बैठक करुणाच्या वडलांनी रचली होती, त्यांच्या शेवटच्या वर्षी, माझे गुडघे दुखायचे म्हणून. हौसराव पुढच्या दोन्ही बैठकांवरही बसले, पण आता जरा अंग चोरून.

लिंबाखाली पोहोचायला अर्धा तास लागला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत कारखान्याकडं गेला. धुरळा बसला आणि मागून न्हावऱ्याची यष्टी आली. ड्रायव्हरनं ओळखीचा हॉर्न दिला. भागुबाई डोळ्यांवर हात धरून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

“रस्ता रुंद केला व्हय?” त्यांनी विचारलं.

“कवाच,” हौसराव म्हणाले. “वर्ष झालं.”

मग ते मागं वळले. चोपलेल्या मातीवर दवाचा ओलावा होता आणि त्यावर खुर्चीच्या चाकांच्या दोन बारीक रेघा उसाच्या कडेनं थेट माळापर्यंत गेलेल्या. मध्ये त्यांच्या स्वतःच्या पायांचे ठसे, एक सरळ, एक जरा तिरका. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते एवढंच होतं. हौसरावांनी सायलीला मोबाईल काढायला लावला. लिंब दिसला पाहिजे, गट नंबरचा दगड दिसला पाहिजे आणि चाकाच्या रेघा तर दिसल्याच पाहिजेत, असं बजावून तीन फोटो काढून घेतले. तारखेचा माणूस, पुरावा कसा असावा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“हे फोटू करुणाला धाड,” ते म्हणाले. मग करुणाकडं बघून त्यांनी आवाज साफ केला. “गुरुवारी लाव ते अर्जाला. बांधावरनं चाक गेलंय म्हनावं, वहिवाट पडली. कुनी घातलं इचारलं तर मी हायेच तिथं सांगायला. वकील माझा येनार न्हाई, मी येतो.”

कालपासून करुणा त्यांच्या सदऱ्याच्या बटणाकडं बघूनच बोलत होती. आता तिनं मान वर केली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली की गाड्या मात्र ती लिंबापाशीच थांबवणार आहे, पाहुणे चालतच येतील. रस्ता फक्त आईच्या खुर्चीपुरता हवाय, आणि वेळ पडलीच तर रुग्णवाहिकेपुरता. हौसरावांनी मान डोलावली. रान तिचं, ती म्हणेल तसं.

निघताना सायलीनं डिकी उघडली, तर हौसराव म्हणाले, खुर्ची राहू दे इथंच. घरी गोधड्या वाळत घालायला दोरी बांधून देतो म्हणावं तुझ्या आईला.